६२ टक्क्यांची भीती आणि चौथी डिस्क

घरी एक छोटा सर्व्हर बांधावा, त्यात सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रं ठेवावीत, आणि त्यावरूनच हॉलमधल्या टीव्हीवर सिनेमे चालवावेत, असं एकदा डोक्यात आलं की माणूस वाचायला बसतो. आणि वाचायला बसलेल्या प्रत्येकाला तासाभरात एक गणित भेटतं. त्या गणिताचा निष्कर्ष असा, की तुम्ही मोठ्या डिस्क घेऊन रेड ५ लावलंत आणि त्यातली एक डिस्क गेली, तर माहिती पुन्हा उभी करताना ती बुडण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर आहे. पुढे सल्ला येतोच : रेड ५ विसरा, आणखी एक डिस्क घ्या, रेड ६ लावा.

साठवण यंत्रणा कशा बिघडतात हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे नात्यातलं कुणीही डिस्क घ्यायला निघालं की फोन मला येतो, आणि दर वेळी हेच गणित समोर येतं. म्हणून आज त्याची सविस्तर चिरफाड करायची आहे. माझं म्हणणं दोन भागांत आहे. पहिलं, हे गणित चुकीचं आहे, आणि ते तुम्ही स्वतः घरी पडताळून बघू शकता. दुसरं, गणित चुकीचं आहे असं कळल्यावर जे निर्धास्त होतात, तेही तेवढेच फसतात. कारण त्या गणिताने विचारलेला प्रश्नच तुमच्या घरचा नाही.

गणित काय आहे

आधी रेड ५ म्हणजे काय ते पाटीवर मांडू. तीन आकडे लिहा आणि शेजारी त्यांची बेरीज लिहा. आता कुठलाही एक आकडा पुसला, तरी उरलेले दोन आणि बेरीज यांच्यावरून तो परत काढता येतो. चार डिस्कचं रेड ५ हेच करतं (बेरजेच्या जागी थोडी वेगळी क्रिया असते, पण मुद्दा तोच). एक डिस्क मेली, तर उरलेल्या तीन पूर्ण वाचून चौथीवरचं सगळं नव्या डिस्कवर लिहिता येतं. अट एकच. उरलेल्या तीन डिस्क शेवटपर्यंत वाचता आल्या पाहिजेत. दोन आकडे पुसले गेले तर बेरीज काही सांगू शकत नाही.

आता डिस्कच्या माहितीपत्रकात एक ओळ असते : वाचता न येणारी चूक, दर १ वर १४ शून्यं इतक्या बिटांमागे एकाहून कमी. एवढे बिट म्हणजे साडेबारा टीबी. २००७ साली रॉबिन हॅरिस यांनी झेडडीनेटवर एक लेख लिहिला. २००९ मध्ये रेड ५ चालेनासं का होईल, असा त्याचा मथळा होता. त्यांनी ही ओळ घेतली आणि विचारलं, २ टीबीच्या सात डिस्क असतील आणि एक गेली, तर उरलेल्या सहा मिळून १२ टीबी वाचावे लागतील. मग एकही चूक न होता ते वाचून होतील का?

प्रत्येक बिटामागे चुकीची शक्यता तेवढीच धरली, तर १२ टीबी वाचताना किमान एक चूक होण्याची शक्यता येते सुमारे ६२ टक्के. आजच्या डिस्क घ्या. ८ टीबीच्या चार, त्यातल्या तीन वाचायच्या, म्हणजे २४ टीबी. शक्यता जाते ८५ टक्क्यांवर. आकडा बघूनच पोटात गोळा येतो.

हॅरिस यांच्या बाजूने एक गोष्ट आधीच सांगते. त्यांनी बोट ठेवलेली जागा खरी होती. डिस्कची क्षमता भराभर वाढत होती आणि माहितीपत्रकातली ती ओळ मात्र तिथेच होती. शिवाय ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने भरायची तर १५ तास लागतात, आणि तेवढा वेळ यंत्रणा एका पायावर उभी असते. हे कुणीतरी सांगायला हवं होतं. माझी तक्रार त्या सूचनेबद्दल नाही. टक्केवारीबद्दल आहे, आणि त्याहून जास्त, त्या टक्केवारीचं पुढे जे झालं त्याबद्दल आहे.

तीन चुका

पहिली चूक वाचनाची. "एकाहून कमी" ही कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. पुलावर "१० टनांपेक्षा जड वाहनांस मनाई" अशी पाटी असते, म्हणून दहा टनांचा ट्रक चढला की पूल पडतो असं आपण म्हणत नाही. कंपनी फक्त एवढंच सांगते, की याहून वाईट होणार नाही. गणिताने तिलाच नेहमीचा दर मानलं.

दुसरी चूक स्वातंत्र्याची. गणित असं धरतं, की चुका नाणं उडवल्यासारख्या, कुठल्याही डिस्कवर, कधीही, एकमेकींशी संबंध न ठेवता पडतात. लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी २००७ साली १५ लाखांहून जास्त डिस्कचा ३२ महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अशा दडलेल्या चुका निघाल्या ३.४५ टक्के डिस्कवर. ज्या डिस्कवर एक चूक निघाली तिथे आणखी निघण्याची शक्यता वाढलेली होती, आणि चुका डिस्कवर एकमेकींच्या जवळ दाटीने होत्या. म्हणजे सगळ्या वर्गाला थोडा थोडा ताप नसतो. दोन-तीन मुलं आजारी असतात, आणि ती बरीच आजारी असतात. बाकीच्या बाकांवर काही झालेलं नसतं. सरासरी काढून प्रत्येकाला ९९ ताप आहे म्हणणं हे गणित म्हणून बरोबर, आणि वैद्यकी म्हणून निरुपयोगी.

तिसरी चूक सगळ्यात साधी : कुणी पडताळून बघितलं नाही. तुमच्याकडे ८ टीबीच्या चार भरलेल्या डिस्क आहेत आणि तुम्ही दर महिन्याला स्क्रब चालवता, म्हणजे सगळी माहिती एकदा वाचून तपासता, असं धरा. एका स्क्रबला ३२ टीबी वाचले जातात. गणित खरं असेल तर दर महिन्याला अडीच चुका दिसायला हव्यात, वर्षाला तीस. ज्यांच्या घरी असा सर्व्हर आहे त्यांनी आपला अहवाल उघडून बघावा. धडधाकट डिस्कवर महिनोन् महिने शून्य दिसतं. आणि चुका दिसायला लागल्या, तर त्या चारही डिस्कवर वाटलेल्या नसतात. एकाच डिस्कवर, एकामागून एक येतात, आणि ती डिस्क बदलायची वेळ झालेली असते.

हा पडताळा मोठ्या प्रमाणावरही झालेला आहे, आणि तोही हॅरिस यांच्या लेखाच्या आधी. जिम ग्रे आणि कॅथरीन व्हॅन इंगेन यांनी २००५ साली स्वस्तातल्या यंत्रांमधून मुद्दाम २ पेटाबाइट माहिती फिरवली. माहितीपत्रकाच्या दराने दीडशेहून जास्त चुका व्हायला हव्या होत्या. डिस्क-वाचनात चूक झाल्याच्या घटना दिसल्या पाच. त्या दोघांना जास्त त्रास झाला तो बिघडलेल्या कंट्रोलरांचा आणि सुरक्षा दुरुस्त्यांसाठी पुन्हा पुन्हा बंद-चालू होणाऱ्या यंत्रांचा. त्यांचा निष्कर्ष साधा होता : अशा चुका होतात, पण बाकीच्या कटकटींपुढे त्या दुर्मिळ आहेत.

शेवटी, एक चूक झाली म्हणजे सगळं बुडालं हेही गृहीतच आहे. जुने रेड कंट्रोलर एका वाचता न येणाऱ्या जागेवर अडखळून पुनर्बांधणीच सोडून देत, तिथून ही धास्ती आली. झेडएफएससारखी यंत्रणा अशा वेळी कुठली फाइल खराब झाली तिचं नाव सांगते आणि पुढे जाते. तुमच्या ४० हजार फोटोंतला एक गेला. वाईट आहे, पण ४० हजार जाण्यासारखं नाही.

मग निर्धास्त व्हायचं का?

नाही. आणि इथे मला दुसऱ्या बाजूशी भांडायचं आहे. गणित खोटं ठरवून "माझं रेड ५ दहा वर्षं चाललंय" असं सांगणारे लोकही खूप आहेत. त्यांचं दहा वर्षं चाललं हे खरं असेल. पण ते आणि हॅरिस एकाच प्रश्नाभोवती फिरतायत : डिस्क मेली तर काय? हा प्रश्न महत्त्वाचा कुणाला आहे, ते बघा.

रेडची संकल्पना मांडणारा निबंध १९८८ चा. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा. तेव्हा मोठ्या संगणकांच्या डिस्क महाग होत्या आणि वैयक्तिक संगणकांच्या छोट्या डिस्क स्वस्त होऊ लागल्या होत्या. स्वस्तातल्या पुष्कळ डिस्क एकत्र जुंपल्या तर वेग मिळतो, पण त्या सारख्या मोडतात. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर शंभर डिस्कच्या संचात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एक जाणार. तेवढ्यासाठी काम थांबू नये, म्हणून ती जास्तीची डिस्क. रेडचं काम आहे ऑफिस चालू ठेवणं. बँकेचा सर्व्हर दुपारी बारा वाजता बंद पडून चालत नाही.

तुमच्या घरचा सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तर काय होतं? शनिवारी सिनेमा बघता येत नाही.

डिस्क मरतात हे मात्र खरंच आहे. त्याच गार्थ गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्यासोबत २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या बदलीच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांवरून वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के ही नेहमीची गोष्ट निघाली, आणि काही ठिकाणी तो आकडा १३ टक्क्यांपर्यंत गेला. त्यांनाही असंच दिसलं, की बिघाड सुटे सुटे येत नाहीत, लागोपाठ येतात. अलीकडे बॅकब्लेझ ही कंपनी स्वतःच्या हजारो डिस्कचे आकडे नियमित छापते. त्यांत हे प्रमाण साधारण १ ते २ टक्क्यांच्या आसपास असतं. आपण मधला, ३ टक्के धरू. चार डिस्क, पाच वर्षं : किमान एक डिस्क जाण्याची शक्यता ४५ टक्क्यांहून थोडी जास्त. म्हणजे पाच वर्षांत एक डिस्क बदलावी लागेल अशी मनाची तयारी हवीच.

"पण डिस्क जायच्या आधी कळतंच की," असं कुणी म्हणेल. डिस्कमध्ये स्मार्ट नावाची स्वतःची तब्येत सांगणारी सोय असते. गूगलच्या तिघा संशोधकांनी, पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांनी, त्याच २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. तपासणीत पहिली चूक निघालेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. म्हणजे इशारा आला तर हलायलाच हवं. पण मेलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी चार मुख्य लक्षणांपैकी एकही दाखवलेलं नव्हतं. इशारा आला नाही म्हणजे तब्येत ठीक आहे, असं मात्र म्हणता येत नाही.

माहिती खरंच कशी जाते

आता घरचा प्रश्न विचारू : डिस्क धडधाकट असताना माहिती कशी जाते?

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती साठवणीच्या डब्यांचे मालक सकाळी उठले, तर डबे रिकामे. डिस्क व्यवस्थित फिरत होत्या. कुणीतरी इंटरनेटवरून त्यांच्यातल्या त्रुटीचा फायदा घेऊन त्यांना कारखान्यातून निघाल्यासारखं कोरं करून टाकलं होतं. त्या उपकरणांना शेवटची दुरुस्ती २०१५ मध्ये मिळाली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्यूलॉकर नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅपच्या डब्यांमधल्या फाइल पासवर्ड लावून बंद केल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितले. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने त्याच कंपनीच्या उपकरणांवर तोच प्रकार केला, मागणी ०.०३ वर नेली.

या तिन्ही घटनांत रेड ५ होतं की रेड ६, याने काडीचाही फरक पडला नसता. रेड आज्ञाधारक असतं. पुसायला सांगितलं की ते सगळ्या डिस्कवर एकाच वेळी, न चुकता पुसतं.

आणि परक्या चोराचीही गरज नाही. जिम ग्रे यांनी १९८५ मध्येच टँडम कंपनीच्या अत्यंत भरवशाच्या संगणकांच्या बंद पडण्याची कारणं मोजली होती. यंत्राचे बिघाड १८ टक्क्यांच्या आसपास. यंत्र सांभाळणाऱ्या माणसांची कामं, म्हणजे चालवणं, जुळवणी, देखभाल, ४२ टक्क्यांच्या आसपास. ती माणसं पगारी आणि शिकलेली होती. घरी ते खातं कुणाकडे असतं? रात्री साडेअकराला, अर्धवट झोपेत, नेटवरून उचललेली आज्ञा चिकटवणाऱ्या तुमच्याकडे.

याशिवाय आपल्याकडचे प्रकार आहेतच. वीज गेली आणि परत येताना झटका देऊन आली. वरच्या मजल्यावरची टाकी भरून वाहिली. चोर टीव्हीसोबत तो काळा डबाही घेऊन गेला, त्याला काय माहीत आत काय आहे. चारही डिस्क एकाच डब्यात, एकाच वीजपुरवठ्यावर, एकाच खोलीत आहेत. गणितात त्या स्वतंत्र होत्या. कपाटात नाहीत.

चौथी डिस्क

मी आकड्यांवरून एवढी का चिडते ते सांगते. आकडा चुकला तर नुसता वाद होतो असं नाही, पैसे चुकीच्या जागी जातात.

माझ्या मामांकडे आजोबांच्या कीर्तनांच्या कॅसेट होत्या. गावोगावी, लोकांनी साध्या टेपवर केलेल्या. मामांनी निवृत्तीनंतर दोन वर्षं बसून त्या संगणकावर घेतल्या. ३०० तास, सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण, म्हणजे साधारण १९० जीबी. घरातले सगळे फोटो आणखी ४०० जीबी. आणि सिनेमे, मालिका मिळून ५ टीबी. बऱ्याच कॅसेटच्या फिती आता चिकटल्यात, त्या परत वाजणार नाहीत. म्हणजे जे आहे ते आता फाइलीतच आहे.

मामांनी ते गणित वाचलं, घाबरले, आणि ८ टीबीच्या चार डिस्क घेऊन रेड ६ लावायचं ठरवलं. दोन डिस्क एकदम गेल्या तरी चालेल. एकूण खर्च तिथेच संपत होता. मी विचारलं, "मामा, डबाच चोरीला गेला तर?" ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अगं, पण चार खणांचा डबा घेतलाय. दोन खण रिकामे ठेवू?"

हे वाक्य मला कुठल्याही शोधनिबंधापेक्षा जास्त शिकवून गेलं. रिकामा खण डोळ्यांना टोचतो. जी प्रत घरात नाही ती कुणाला दिसतच नाही, म्हणून तिचं नसणंही टोचत नाही. आणि ६२ टक्क्यांचा आकडा नेमका खणाकडे बोट दाखवतो.

शेवटी असं ठरलं. डब्यात दोनच डिस्क, एकीवर दुसरीची हुबेहूब नक्कल. ८ टीबी जागा मिळते, सगळं मिळून साडेपाच-पावणेसहा टीबी, आरामात मावतं. तिसरी ८ टीबीची घेतलीच नाही. त्याऐवजी २ टीबीच्या दोन बाहेरून जोडायच्या डिस्क. त्यांवर फक्त कीर्तनं आणि फोटो, म्हणजे ६०० जीबी. एक मामांच्या कपाटात, प्रत काढून झाली की वायर काढून ठेवलेली. दुसरी नाशिकला मामेबहिणीकडे. दिवाळीला आणि मे महिन्यात जाणं-येणं होतं, तेव्हा अदलाबदल. सिनेमांची प्रत नाही. ते गेले तर परत मिळतील.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम यापेक्षा वेगळं सांगत नाही : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. नियम सगळ्या मार्गदर्शिकांमध्ये असतो हो. पण शेवटच्या परिच्छेदात, डिस्क विकत घेऊन झाल्यावर. तो पहिल्या परिच्छेदात हवा, कारण पैसे तिथे ठरतात. किती डिस्क घ्यायच्या हे विचारण्याआधी, काय गेलं तर परत मिळणार नाही याची यादी करा. ती यादी बहुतेक घरांत एका टीबीच्या आत बसते.

सिनेमाची बाजू

टीव्हीवर दाखवण्याच्या बाबतीतही असाच एक उधार आकडा फिरतो. प्लेक्सच्या जुन्या मार्गदर्शनात असं होतं, की एक १०८० पी सिनेमा रूपांतरित करून दाखवायला प्रोसेसरचे पासमार्क चाचणीत २००० गुण हवेत. त्यावरून लोक हिशेब करतात : चार टीव्ही, आठ हजार गुण, म्हणून मोठा प्रोसेसर. इथेही "रूपांतरित करून" हा शब्द गळून पडतो.

टीव्हीला तो फाइलप्रकार थेट चालवता येत असेल, तर सर्व्हर फक्त फाइल वाचतो आणि पाठवतो. ते काम जुना लॅपटॉपही करतो. ब्लू-रे दर्जाच्या १०८० पी चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ४० मेगाबिट लागतात. साधी फिरती डिस्क सेकंदाला हजार मेगाबिटच्या वर देते, गिगाबिट नेटवर्कही तेवढंच. अडतं कुठे? अनेक टीव्हींच्या मागचं वायरचं भोक १०० मेगाबिटचंच असतं, आणि ४के डिस्कवरून घेतलेली मूळ फाइल मध्येच त्याच्यावर जाते. तिथे सिनेमा थांबला की लोक प्रोसेसर बदलतात. बऱ्याचदा त्याच टीव्हीचं वायफाय त्या वायरपेक्षा वेगवान निघतं. दुसरी अडचण उपशीर्षकांची. ती चित्ररूपात असली की सर्व्हरला ती सिनेमावर छापून पूर्ण चित्र नव्याने तयार करावं लागतं. मजकूररूपातली उपशीर्षकं घेतलीत तर बऱ्याच वेळा हे काम वाचतं. आणि खरोखर रूपांतर लागलंच, तर इंटेलच्या प्रोसेसरांत २०११ पासून क्विक सिंक नावाची वेगळी सोय आहे, तिला ते पासमार्कचे गुण मोजतच नाहीत.

मोठ्या यंत्राचं वीजबिलही मोजा. ४० वॉटचं यंत्र वर्षभर चालू राहिलं तर ३५० युनिट. युनिटमागे १० रुपये धरले, तर साडेतीन हजार रुपये दर वर्षी. त्यात २ टीबीच्या बाहेरच्या डिस्कच्या किमतीचा बराचसा भाग निघतो.

मार्गदर्शिकांत ज्याला आकडा नसतो, आणि म्हणून जागाही नसते, तो मुद्दा दरवाज्याचा. बाहेरगावाहून सिनेमा बघता यावा म्हणून राउटरमधलं पोर्ट उघडायला सांगतात. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत मोठी घुसखोरी झाली. तिची एक वाट त्यांच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून गेली, आणि तिथे चोरांनी वापरलेलं भोक होतं प्लेक्सच्या जुन्या आवृत्तीतलं. दुरुस्ती २०२० मध्येच आलेली होती, ती बसवलेली नव्हती. घरचा सिनेमांचा सर्व्हर म्हणजे गंमत, त्यात कोण येणार, असं वाटतं. चोराला सिनेमा नको असतो, त्या खोलीतून पुढे जायचं असतं. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो, त्यामुळे पोर्ट उघडताच येत नाही आणि लोक वैतागतात. वैतागू नका. वायरगार्ड किंवा टेलस्केल वापरून फक्त आपल्या उपकरणांपुरती खासगी वाट काढा. तीच जास्त सुरक्षित आहे.

टीका कशावर आहे

मोठ्या संख्येवर केलेलं संशोधन घरी उपयोगी नाही, असा अर्थ कृपया काढू नका. वर मी ज्या आकड्यांवर उभी आहे ते सगळे अशाच संशोधनातून आलेत. पण लाख डिस्क सांभाळणाऱ्याला प्रश्न पडतो, की महिन्याला किती डिस्क मागवून ठेवू. त्याला टक्केवारी लागते. तुमच्याकडे दोन किंवा चार डिस्क आहेत. तुमच्या बाबतीत डिस्क जाईल किंवा जाणार नाही. ६२ टक्के असोत की ६, मेल्यावर काय करणार हे आधी ठरलेलं असलं, तर दोन्ही आकड्यांना तुम्ही सारखंच तोंड देता. ठरलेलं नसलं, तर ६ सुद्धा पुरेसे आहेत.

म्हणून तुमचा सर्व्हर किती सुरक्षित आहे हे मला विचारू नका, त्याला विचारा. येत्या रविवारी एक काम करा. सर्व्हर बंद करा, वायर काढा. तो गेला असं समजा. आता दहा वर्षांपूर्वीचा एक ठराविक फोटो दुसऱ्या कुठल्याही प्रतीवरून काढून, उघडून दाखवा. घड्याळ लावा. अर्ध्या तासात फोटो उघडला, तर रेड कितव्या क्रमांकाचं आहे याची काळजी सोडा. उघडला नाही, तर पुढची डिस्क कुठे जायला हवी हे तुम्हाला कळलं. डब्याच्या रिकाम्या खणात नक्कीच नाही.